मीटर कुणाच्या नावावर आहे?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवर काही सोसायट्यांचं फेडरेशन आहे. शेजारी एक लहानसा तलाव, त्यात शेवाळ आणि सणावारी निर्माल्य. एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, ओल्या कचऱ्याचं यंत्र आणि तलावात कारंजं द्यायला तयार आहे. फेडरेशनच्या सचिवताई विचारतात: शहर शाश्वत करायचं म्हणून महापालिका कंपन्या, संस्था, नागरिक यांच्याबरोबर काम करते म्हणजे नेमकं काय करते? आणि सामंजस्य करार झाला म्हणजे काम मार्गी लागलं असं धरायचं का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. सामंजस्य कराराचा कागद मी इतक्यांदा पाहिला आहे की आता त्याची पानं उलटताना मी फक्त तीन गोष्टी शोधतो. वीज कुणाच्या मीटरवर, पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या सदरात), आणि तयार होणारा माल उचलणार कोण. उरलेलं सगळं, म्हणजे ‘हरित भविष्यासाठी कटिबद्ध’ वगैरे, बातमीसाठी असतं.

मी सत्तावीस वर्षं ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर याच कामात आहे. आधी टेबलाच्या पलीकडे, पालिकेत. नंतर अलीकडे, सल्लागार म्हणून. त्यामुळे दोन्हीकडच्या खुर्च्या किती टोचतात ते मला माहीत आहे.

तुम्हाला मिळणार आहे तसंच एक यंत्र काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक बागेत बसलं. कुठल्या शहरात ते सांगत नाही, कुठेही होऊ शकतं. नारळ फुटला, फीत कापली, कंपनीची माणसं हिरव्या टोप्या घालून आली. यंत्र उत्तम होतं. त्याला थ्री-फेज वीज लागायची. घाईघाईत जोडणी घेतली ती यंत्र बसवणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर, तात्पुरती. पाचव्या महिन्यात ठेकेदाराचं काम संपलं आणि त्याने बिल भरायचं बंद केलं. मग पत्रव्यवहार सुरू झाला. उद्यान विभाग म्हणाला, कचरा आमचा विषय नाही. घनकचरा विभाग म्हणाला, बाग आमची नाही. विद्युत विभागाने अगदी सभ्य शब्दांत टिपणी लिहिली की सदर यंत्र विभागाच्या मालमत्ता नोंदवहीत दिसून येत नाही. वीज तोडली गेली. माळीकाकांनी यंत्रावर निळी ताडपत्री टाकली आणि त्याच्या पोटात खराटे, फावडी आणि स्वतःचा जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली. मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्या यंत्राचा एवढाच उपयोग चालू होता. वाईट कुणीच नव्हतं यात. करारात वीजबिलाची ओळ नव्हती, इतकंच.

आता पहिला प्रश्न. तो मोठा आहे, आणि तो विचारताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संस्था आणि कंपन्या असतात. महापालिकेचे खरे मोठे भागीदार मात्र दुसरी सरकारी खाती असतात, आणि त्यांच्याशी जमवून घेणं सगळ्यात कठीण.

ठाण्याचंच पाणी घ्या. अठरा लाखांवर लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच होती, आणि शहराचं स्वतःचं एकही धरण नाही. रोज साधारण 585 दशलक्ष लिटर पाणी येतं ते चार दारांतून: पालिकेची स्वतःची योजना 250, एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) 135, स्टेम 115 आणि मुंबई महापालिका 85. यातलं स्टेम म्हणजे शहाड-टेमघर पाणीपुरवठ्याची कंपनी, तिचे मालक ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद. चार स्थानिक स्वराज्य संस्थांनी मिळून एक कंपनी चालवायची, उल्हास नदीतून पाणी उचलायचं, आपापला वाटा मोजून घ्यायचा आणि आपापलं बिल भरायचं. याच्यावर कुणी पुरस्कार देत नाही, कुणी परिषदेत सादरीकरण करत नाही. तरी माझ्या मते जिल्ह्यातली ही सगळ्यात टिकाऊ भागीदारी आहे. कारण साधं आहे: तिथे मीटर आहे, दर आहे, आणि शटडाऊन कधी घ्यायचा ते चौघांना एकमेकांना कळवावंच लागतं. भांडणं होतात, पण ती आकड्यांवर होतात. दुरुस्तीचा शुक्रवार आला की घोडबंदरला टँकर शोधावे लागतात तेव्हा तुम्ही या भागीदारीचं दुसरं टोक पाहत असता.

खाडीपलीकडे चित्र वेगळं. नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ची, पण शहर वसवलं ते 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या राज्य सरकारच्या कंपनीने. पालिका रस्ते झाडते, पाणी देते, पण जमिनीचा मालक बऱ्याच ठिकाणी सिडको. कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा. खाडीलगतची कांदळवनं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे. एका बाजूला रेल्वे, पलीकडे बंदर. नव्याने रुजू झालेला उत्साही अधिकारी पहिल्या महिन्यात ‘आपण इथे झाडं लावू’ म्हणतो आणि दुसऱ्या महिन्यात त्याला कळतं की ती जागा आपली नाहीच. तिथे पर्यावरणाचं कुठलंही काम म्हणजे आधी ना हरकत प्रमाणपत्रांचं काम.

नवी मुंबईला एक मोठा आधार आहे: मोरबे धरण. 2002 मध्ये पालिकेने ते विकत घेतलं. स्वतःचं धरण असलेल्या मोजक्या महापालिकांपैकी ही एक. अशा शहराला पाण्याची चिंता नसते, त्यामुळे सांडपाण्याचा पुनर्वापर तिथे सुचणार नाही असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं झालं, आणि ते कसं झालं हे थोडं खोलात सांगण्यासारखं आहे.

शहरात सी-टेक पद्धतीची, म्हणजे एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने शुद्धीकरण करणारी, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. त्यांतून बाहेर पडणारं पाणी खाडीत सोडण्याइतकं स्वच्छ असतं, बागांनाही चालतं. पण बागा पिऊन पिऊन किती पिणार? पावसाळ्यात तर चार महिने तेही नाही. मग मोठा गिऱ्हाईक हवा, आणि तो शेजारीच होता. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा. या कारखान्यांना एमआयडीसी बारवी धरणाचं पाणी देते. बदलापूरजवळून इतक्या लांब आणलेलं पिण्याजोगं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन जातं. तर ऐरोली आणि कोपरखैरणे इथे प्रत्येकी 20 दशलक्ष लिटर क्षमतेची तृतीय स्तरीय प्रक्रिया केंद्रं (प्रक्रिया झालेलं पाणी आणखी शुद्ध करणारी) उभी करायची, आणि ते पाणी एमआयडीसीमार्फत कारखान्यांना विकायचं, अशी योजना झाली. पैसा केंद्राच्या अमृत या शहरी पाणी-सांडपाणी अभियानातून. त्या अभियानात दहा लाखांवर वस्तीच्या शहराला केंद्राकडून प्रकल्पखर्चाचा एक तृतीयांश हिस्सा मिळायचा, बाकी राज्य आणि पालिका.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्ष बोलणी बसली की कारखान्याची माणसं काय विचारतात ते मी ऐकलेलं आहे. एका युटिलिटी मॅनेजरसमोर प्रक्रिया केलेल्या पाण्याची बाटली ठेवली होती. त्याने ती उजेडात धरली नाही, वास घेतला नाही. सरळ विचारलं, ‘टीडीएस किती? आणि रविवारी तुमचा पंप बंद पडला तर माझा बॉयलर कोण चालवणार?’ पाणी दिसायला किती नितळ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते हवं होतं, दर हवा होता, आणि पुरवठा तुटला तर जुनी लाईन चालू राहील याची हमी हवी होती. अशा करारात म्हणूनच गुणवत्तेचा तक्ता लागतो, रोजचा किमान पुरवठा लागतो, आणि घेणाऱ्याने ठरल्यापेक्षा कमी पाणी उचललं तर काय, तेही लिहावं लागतं. पाणी विकणाऱ्याला वाटतं आपण उपकार करतोय, विकत घेणाऱ्याला वाटतं आपण धोका पत्करतोय. दोघांच्या मधे एमआयडीसी उभी, तिला तिचं बारवीचं पाणी विकून मिळणारं उत्पन्नही सांभाळायचं. पर्यावरणाची भागीदारी म्हणतात ती अशी, बऱ्याच अंशी दुकानदारी. मला त्यात गैर काही वाटत नाही. दुकानदारी असली की हिशेब राहतो.

बसगाड्यांचंही असंच आहे, ते पटकन सांगून पुढे जातो. ठाणे परिवहनने 123 विजेवरच्या बसगाड्या घेतल्या असं आपण म्हणतो, पण त्या घेतल्या नाहीत, जीसीसी तत्त्वावर चालवायला लावल्या. म्हणजे गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, बॅटरीची डोकेदुखी त्याची. पालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते, तिकिटाचे पैसे आपल्याकडे घेते. प्रवासी कमी आले तर तोटा पालिकेचा, गाडी बंद पडली तर दंड ठेकेदाराला. कुणाचा धोका कुणाकडे, हे इथे स्वच्छ लिहिलेलं असतं. अडतं ते दुसरीकडे: आगारात चार्जिंगची जागा, त्यासाठी वाढीव वीजभार, आणि ठेकेदाराचं बिल वेळेवर निघणं. बिलं रखडली की पगार रखडतात, आणि मग एके दिवशी सकाळी गाड्या आगारातच उभ्या दिसतात. मुंबई परिसरात हे नवीन नाही.

आता तुमच्या तलावाकडे, म्हणजे निर्माल्याकडे येतो.

ठाण्यात पस्तीसच्या आसपास तलाव उरलेत, आणि विसर्जनाचा प्रश्न इथे फार पूर्वीपासून टोकदार आहे. कृत्रिम तलाव आले, मूर्तिदान आलं. निर्माल्याच्या कामात समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था पालिकेबरोबर बरीच वर्षं आहे, देवळांतलं आणि गणेशोत्सवातलं निर्माल्य गोळा करून त्याचं खत करणं, आणि त्यात कचरावेचक महिलांना काम देणं. हीच संस्था तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली पालिकेसोबत सिग्नल शाळाही चालवते. म्हणजे पालिकेला असा भागीदार हवा असतो जो एका कामापुरता न येता पुन्हा पुन्हा येतो, ज्याची माणसं प्रभाग कार्यालयात ओळखीची झालेली असतात.

निर्माल्याचं काम दुरून पवित्र वाटतं. जवळून बघा. दीड दिवसाच्या गणपतीच्या रात्री निर्माल्य कलश भरतात तेव्हा त्यात फुलं निम्मी असतात. उरलेलं म्हणजे थर्माकोलचे तुकडे, चमकीची झालर, प्लास्टिकची पिशवी गाठ मारून, अगरबत्तीचं खोकं, कधी अख्खी फ्रेम. सगळ्यात त्रासदायक असतो तो हाराचा दोरा. साधा सुती दोरा कुजतो. हल्लीचे हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले असतात. झेंडू, दुर्वा, केवडा सगळं श्रेडरमध्ये जातं, आणि हा दोरा पात्यांच्या दांड्याला गुंडाळत जातो. तासाभरात यंत्र कण्हायला लागतं. मग ते बंद करून एक बाई कोयतीने तो काळपट, चिकट गुंडा कापून काढते. एकदा मी तिला विचारलं, दिवसात किती वेळा? ती म्हणाली, ‘साहेब, मोजायला बसले तर कापणार कोण?’ म्हणून माझा आग्रह असतो की यंत्र किती टनाचं हे विचारण्याआधी दोरा वेगळा करायला किती हात आहेत ते विचारा. त्या हातांची मजुरी करारात कुणाकडे आहे? बहुतेक करारांत ती ‘स्वयंसेवक’ या एका शब्दात उरकलेली असते. स्वयंसेवक अनंत चतुर्दशीला येतात. प्रतिपदेला येत नाहीत.

कचरावेचकांना भागीदार म्हणून धरायचं की मजूर म्हणून, यावर शहराशहरांत फरक पडतो. स्त्री मुक्ती संघटना 1975 ची, तिने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परिसर विकासचं काम सुरू केलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत कचरावेचक बायकांचे गट बांधले. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या निसर्गऋण बायोगॅस प्रकल्पांवर या बायकांनी काम केलं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था 2008 पासून पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते आणि घराघरातून शुल्क घेते. आपल्याकडे मात्र घंटागाडीचा ठेका एकाकडे, प्रक्रियेचा दुसऱ्याकडे, आणि सुका कचरा वेचणारी बाई दोघांच्याही हिशेबात नाही, असं बऱ्याचदा होतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी त्यांना सामावून घ्यायला सांगितलं होतं. सामावून घेणं म्हणजे ओळखपत्र देणं एवढाच अर्थ अनेक ठिकाणी घेतला गेला. माझं मत विचाराल तर ओळखपत्रापेक्षा वर्गीकरणाच्या शेडची किल्ली महत्त्वाची. किल्ली जिच्याकडे, कामाची मालकी तिची.

याच नियमांबद्दल एक कटू गोष्ट ताई, आधीच सांगून टाकतो. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं त्या नियमांत होतं. तुमच्या फेडरेशनमधल्या निम्म्या सोसायट्या तरी त्याहून मोठ्या असणार. त्यामुळे पालिकेच्या जागेत, कंपनीच्या पैशांनी तुमचा ओला कचरा जिरवायचा प्रस्ताव घेऊन तुम्ही गेलात, तर समोरचा स्वच्छता निरीक्षक तोंडावर हसून बोलेल आणि मनात म्हणेल, हे यांचंच काम होतं. आवारातलं काम आवारात करा. भागीदारी मागायची ती तलावासाठी मागा.

माहितीचे भागीदार हा वेगळा प्रकार. पालिकेत डॉक्टर असतात, अभियंते असतात, पण आकडेवारी घेऊन बसणारा माणूस क्वचित असतो. ठाण्याचा उष्णता कृती आराखडा 2024 मध्ये झाला तो कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या साथीने. देशात ही वाट अहमदाबादने 2013 मध्ये पाडली, 2010 च्या भीषण उन्हाळ्यानंतर. पण अहमदाबादचा आराखडा उचलून ठाण्याला लावता येत नाही. तिथे कोरडी झळ, इथे खाडीची दमट हवा. पारा 36 वर असला तरी घाम सुकत नाही आणि रात्रीही अंग निवत नाही. कळव्याच्या टेकडीवरच्या किंवा मुंब्र्यातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला बसून बघा, मग तापमापकावरचा आकडा अपुरा का पडतो ते कळेल. संशोधन संस्था इथे उपयोगी पडते. नकाशे, पातळ्या, इशारे कधी द्यायचे, हे ती करून देते. पण इशारा आल्यावर नाक्यावर पाण्याचा माठ कोण भरणार, आशाताईंना फोन कोण करणार, बांधकामावरची दुपारची पाळी कोण थांबवणार, हे पालिकेलाच करावं लागतं. चांगल्या आराखड्यात या प्रत्येक कामापुढे पदनाम लिहिलेलं असतं. तुमच्या हाती असा कुठलाही आराखडा आला तर सुरुवातीचे आलेख सोडून थेट तो तक्ता उघडा. ‘संबंधित विभाग’ असं लिहिलेलं दिसलं की समजा, कुणीही नाही.

भांडणारे भागीदारही असतात, आणि ते मी भागीदारच मानतो. आपल्या खाडीकाठची कांदळवनं आज जी काही उभी आहेत त्यात कोर्टात गेलेल्या संस्थांचा वाटा मोठा आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीला मनाई केली आणि 2018 मध्ये अंतिम निकाल दिला. 2012 मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर हा पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आज ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाऊन लोक रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात तेव्हा त्या बोटीखाली किती प्रतिज्ञापत्रं आहेत ते कुणाला दिसत नाही. पालिकेत असताना मला अशा याचिकाकर्त्यांचा राग यायचा, सुट्टीच्या दिवशी शपथपत्र करायला लावायचे म्हणून. आता कबूल करतो, आतल्या आत जे आम्ही साहेबांना सांगू शकत नव्हतो ते ते बाहेरून कोर्टाला सांगत होते.

कधी कधी शहर भागीदारीच नाकारतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. स्मार्ट सिटी अभियानात प्रत्येक शहराला स्वतंत्र कंपनी काढायची होती, राज्य आणि पालिका निम्मे-निम्मे भागधारक. नवी मुंबईच्या महासभेने डिसेंबर 2015 मध्ये हा प्रस्ताव फेटाळला. निवडून आलेल्या सभागृहाचे अधिकार कंपनीकडे जाणार, हा आक्षेप होता. ठाणं मात्र आत गेलं, 2016 च्या सप्टेंबरमध्ये निवडलं गेलं. कोण बरोबर होतं यावर आजही माझ्या जुन्या सहकाऱ्यांत वाद होतात, विशेषतः दुसऱ्या चहानंतर. मला वाटतं नवी मुंबईच्या नगरसेवकांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता: काम बिघडलं तर लोकांनी कुणाच्या दारात जायचं? नंतर गंमत अशी झाली की नवी मुंबईची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्याची 2022 मध्ये, आणि दोन्हीकडे दीर्घकाळ प्रशासक बसले. तेवढी वर्षं हा प्रश्न विचारणारं सभागृहच नव्हतं. संस्थांना तो काळ सोपा वाटला, एका सहीवर काम होत होतं. पण एका सहीवर जे होतं ते एका बदलीवर जातं. साहेब बदलले की नवे साहेब विचारतात, याला मंजुरी कुणाची? महासभेचा ठराव असेल तर नस्ती, म्हणजे फाईल, जिवंत राहते, नुसती चर्चा असेल तर कपाटात जाते.

म्हणून आता तुमच्या कामाचं बोलू.

कंपनीचा हेतू चांगला असेल, शंका नाही. पण तिचे हात कायद्याने बांधलेले असतात. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे, आणि एखादा प्रकल्प ‘चालू’ म्हणून दाखवायचा तर सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. पुढे त्यांना नवा प्रकल्प, नवा फलक हवा असतो. तुमचं कारंजं मात्र पाचव्या वर्षीच बिघडणार. मोटर जळेल, नोझलमध्ये शेवाळ बसेल. त्यामुळे कंपनीला आजच सांगा की कारंजं लहान घ्या, आणि वाचलेल्या पैशांत तलावाकाठी कलश, दोरा-प्लास्टिक वेगळं करायचं एक मेज, त्यावर छप्पर आणि दोन बायकांची तीन वर्षांची मजुरी एवढं द्या. त्यांच्या जनसंपर्क विभागाला हे आवडणार नाही, फोटोत मजुरी दिसत नाही. तरी मागा. आणि खरं सांगायचं तर कारंज्याने शेवाळ जात नाही. तलावात सांडपाण्याची एखादी वाट येत असेल तर ती बंद झाल्याशिवाय काहीही करा, पाणी हिरवंच राहणार. पावसाळा सोडून ऐन मार्चमध्ये तलावाला एक फेरी मारा, कोरड्या दिवसांत कुठून पाणी झिरपताना दिसतं ते बघा. दिसलं तर मोबाईलवर वेळ-तारखेसह फोटो काढा. ते पन्नास पानी अहवालापेक्षा जास्त कामाला येतं.

पालिकेकडे जायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी विभाग तेव्हा आपापल्या मागण्या कळवत असतात. फेब्रुवारीत गेलात तर अंदाजपत्रक तयार झालेलं असतं. मार्चमध्ये तर कुणी तुमच्याकडे मान वर करूनही बघणार नाही, बिलांची घाई असते. पत्र उपायुक्तांच्या नावे असू द्या, पण त्याआधी प्रभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला जाऊन भेटा. टिपणी तोच लिहिणार आहे, आणि पहिल्या टिपणीत जे वाक्य बसतं ते वरपर्यंत जवळपास तसंच जातं. तुमच्या पत्रात एवढं तरी असू द्या: कायमस्वरूपी वीजजोडणी पालिकेच्या नावे, तिचं बिल अमुक विभागाच्या लेखाशीर्षातून, यंत्रसामग्री बसल्या दिवशीच पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत, आणि तयार खत उद्यान विभाग दर पंधरवड्याला उचलणार. खताचं शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. पोती साठत जातात, पावसात भिजतात, वास सुटतो, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्याच इमारतीतून तक्रार येते. उद्यान विभाग नाही म्हणाला तर फेडरेशनमधल्या सोसायट्यांनी आपापल्या बागांसाठी वाटून घ्यायचं, हे लेखी ठरवा.

महापालिका कायद्याप्रमाणे दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. तुमचा तलाव त्यात आहे का, असल्यास पाण्याचे नमुने कुठले दाखवलेत, हे वाचून मग भेटायला जा. ‘तुमच्याच अहवालात असं म्हटलंय’ या वाक्याने खुर्ची पुढे सरकते, हा माझा अनुभव आहे.

पण या सगळ्याच्या आधी एक काम. तलावाचा सातबारा काढा, किंवा मालमत्ता पत्रक असेल तर ते. घोडबंदर पट्ट्यात कुठला तलाव पालिकेकडे वर्ग झालेला, कुठला सरकारी जमिनीवर, कुठला वनहद्दीला टेकलेला, हे वरून बघून कळत नाही. शेजारच्या बिल्डरच्या माहितीपत्रकावर तर अजिबात विश्वास ठेवू नका, त्यात तलाव नेहमी त्यांचाच असतो. उतारा हातात आला की कळवा. मालक पालिका निघाली तर वरचं पत्र तसंच चालेल. महसूल किंवा वनखातं निघालं, तर पहिलं पत्र पालिकेला नाही, त्यांना जाईल, आणि ते मी तुम्हाला वेगळं लिहून देईन.